घर मिळाले नाही, मग टोकन परत कसे मिळवायचे?

बेळगाव शहरात, किंवा खानापूर, निपाणी, चिकोडी अशा गावांत, घर भाड्याने घेताना छापील अर्ज भरून देण्याची पद्धत सहसा नसते. घर पाहून झाले की एजंट सांगतो की आणखी दोघे-तिघे बघून गेले आहेत, तेव्हा आवडले असेल तर टोकन टाकून ठेवा. आणि पाच-दहा हजार रुपये तिथल्या तिथे यूपीआयने किंवा रोख दिले जातात. त्यानंतर मालकाची चौकशी सुरू होते. आधार कार्ड मागितले जाते, नोकरी कुठे आहे, घरात माणसे किती, मांसाहार करता का, गावाकडचे कोण येऊन राहणार, हे सगळे विचारले जाते, आणि दोन-चार दिवसांनी निरोप येतो की घर देता येणार नाही. म्हणजे कागदावर अर्ज नसला तरी व्यवहार अर्जाचाच असतो: तुम्ही मागणी केली, मालकाने ती तपासली आणि नाकारली. अडते ते टोकन. मालक म्हणतो एजंटाला विचारा, एजंट म्हणतो मालकाला दिले, आणि दोघेही फोनवर अगदी गोडीने सांगतात, ‘देतो की ओ, कुठं पळून चाललोय काय?’

मालकानेच नकार दिला असेल तर हे पैसे ठेवून घ्यायला त्याच्याकडे कायद्याचा कोणताही आधार नसतो. करार झालाच नाही, त्यामुळे तो मोडल्याची भरपाई मागण्याचा प्रश्नही येत नाही. अशा प्रकरणात अडचण कायद्याची फारशी नसते. पैसे कोणाला, कशासाठी आणि कोणत्या बोलीवर दिले, हे नंतर दाखवता येत नाही, ही खरी अडचण असते.

सीमेच्या अलीकडचा कायदा

सीमाभागातल्या मराठी वाचकाची एक वेगळी पंचाईत होते. भाडेव्यवहारांविषयी मराठीत जे काही ऐकायला आणि वाचायला मिळते, त्यातले बहुतेक महाराष्ट्राच्या कायद्याविषयी असते. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, हा नियम महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ मधला आहे. टिळकवाडीतल्या किंवा अनगोळमधल्या घराला तो लागू नाही. घर कर्नाटकात आहे, त्यामुळे भाडेकरू चंदगडचा असला आणि मालक घरात मराठी बोलणारा असला तरी भाड्याचा कायदा कर्नाटकाचाच लागतो.

कर्नाटकाचा भाडे कायदाही नावाने १९९९ चाच आहे आणि ३१ डिसेंबर २००१ पासून तो अंमलात आला. मात्र त्याचा आवाका लहान आहे. ठरावीक मर्यादेवरच्या भाड्याची राहती घरे, म्हणजे काही भागांत महिना ३,५०० रुपयांवरची आणि इतरत्र २,००० रुपयांवरची, त्याने बाहेर ठेवलेली आहेत, त्यामुळे आज शहरात भाड्याने जाणारी बहुसंख्य घरे त्याच्या कक्षेत येतच नाहीत. शिवाय तो मालक आणि भाडेकरू यांच्यातल्या संबंधांचा कायदा आहे, आणि ज्याला घर नाकारले गेले तो अजून भाडेकरू झालेलाच नसतो. केंद्र सरकारचा २०२१ चा आदर्श भाडेकरार कायदा राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवतो, हेही अनेकदा ऐकवले जाते. पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, आणि राज्याने तसा कायदा केल्याशिवाय त्याच्या आधारे कोणाकडून काही मागता येत नाही.

मग उरतो तो भारतीय करार कायदा, १८७२. तो बेळगावात आणि कोल्हापुरात सारखाच लागू आहे, आणि टोकनाचा प्रश्न मुख्यतः त्याच्याच चौकटीत सुटतो.

नकार कोणाचा?

करार कायद्याच्या भाषेत तुम्ही घर मागता तेव्हा तो प्रस्ताव असतो आणि मालक होकार देतो तेव्हा ती स्वीकृती असते. स्वीकृती होऊन ती तुम्हाला कळेपर्यंत करार नसतो. टोकन दिल्यामुळे आपोआप करार झाला, अशी समजूत सर्रास आढळते आणि मालक व एजंट दोघेही तिचा सोयीने उपयोग करतात. पण मालक कागदपत्रे पाहून नंतर सांगणार असेल, तर टोकन फक्त तुमच्या प्रस्तावासोबत ठेवलेली रक्कम असते. मालकाने नाही म्हटले की तिचे प्रयोजन संपते आणि ती पूर्ण परत करावी लागते. नकाराचे कारण काय, ते पटण्यासारखे आहे की नाही, याचा परताव्याशी संबंध नाही. मालकाच्या आईला तुमची रात्रपाळीची नोकरी पसंत पडली नाही म्हणून घर गेले असेल तरी टोकन तुमचेच राहते.

दुसरा प्रकार जास्त वेळा घडतो आणि तिथेच लोक फसतात. महिना ९,००० रुपये भाडे आणि ५०,००० रुपये ॲडव्हान्स ठरल्याचे एजंटाने सांगितले, तुम्ही टोकन दिले, आणि मग मालक म्हणाला की घर देतो, पण ॲडव्हान्स ८०,००० लागेल. तुम्ही ते मानले नाही, तर ‘घर तुम्हीच सोडले’ असे सांगून टोकन ठेवून घेतले जाते. हा युक्तिवाद टिकणारा नाही. करार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. नवी अट घालून दिलेला होकार हा मालकाचा नवा प्रस्ताव ठरतो, आणि तो नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. इथेही करार झालेला नाही, म्हणून रक्कम परत.

तिसऱ्या प्रकारात मन तुमचे बदलते. मालकाचा होकार येण्यापूर्वी तुम्ही कळवले की घर नको, तर कलम ५ प्रमाणे प्रस्ताव मागे घेता येतो, आणि वेगळे काही ठरले नसेल तर टोकनही परत मागता येते. होकार आल्यानंतर मागे फिरलात तर मात्र बाजू बदलते, कारण तोंडी झाला तरी तो करार असतो आणि तो तुम्ही मोडलेला असतो.

पण तेव्हाही सगळी रक्कम आपोआप मालकाची होते, असे नाही. पावतीवर ‘टोकन परत मिळणार नाही’ असे लिहिलेले असले तरी कलम ७४ लागू होते, आणि ते सांगते की करार मोडल्याबद्दल मिळायची ती वाजवी भरपाई, ठरलेली रक्कम ही त्या भरपाईची कमाल मर्यादा. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व नीट मांडले. तिथे एका भूखंडाच्या लिलावातली ७८ लाख रुपयांची इसाऱ्याची रक्कम प्राधिकरणाने जप्त केली होती, आणि तोच भूखंड पुढे ११ कोटींहून जास्त किमतीला विकला गेला होता. करार भूखंड घेणाऱ्याने मोडलेला नाही आणि प्राधिकरणाला तोटाही झालेला नाही, म्हणून ती रक्कम परत करायला लावली गेली. आपल्या व्यवहारात आकडे लहान असतात, पण हिशेबाची रीत तीच. वरच्या उदाहरणात मालकाने तुमच्यासाठी दहा दिवस घर रिकामे ठेवले आणि तुम्ही ऐन वेळी नाही म्हणालात, तर त्याचे नुकसान साधारण ३,००० रुपयांचे आहे. १०,००० रुपयांचे टोकन पूर्ण गिळण्याला तेवढ्याने आधार मिळत नाही. मात्र नुकसान झाले असेल तर ते देण्याची तयारी भाडेकरूनेही ठेवावी. फुकट घर अडवून ठेवणे हाही काही हक्क नव्हे.

उलट बाजूने, मालकाने स्पष्ट होकार दिला आणि मग जास्त भाडे देणारा मिळाला म्हणून घर दुसऱ्याला दिले, तर करार त्याने मोडलेला असतो. अशा वेळी टोकन तर परत मिळतेच, शिवाय त्यामुळे थेट झालेले नुकसान, उदाहरणार्थ सामानाच्या टेम्पोला दिलेला आणि बुडालेला पैसा, कलम ७३ खाली मागता येतो.

सगळेच पैसे परतीचे नसतात, हेही लक्षात घ्यावे. घरे दाखवण्यासाठी एजंटाने आधी सांगून घेतलेले दोनशे-पाचशे रुपये किंवा पीजीची नोंदणी फी ही केलेल्या कामाची किंमत असते आणि ती सहसा परत मिळत नाही. दलालीचे तसे नाही. ती व्यवहार जुळवून दिल्याची असते, त्यामुळे व्यवहार जुळला नाही तर आगाऊ घेतलेली दलाली ठेवण्याला, तशी उघड बोली झालेली नसेल तर, कारण उरत नाही.

एजंटाकडे की मालकाकडे?

मालकाने एजंटाला आपल्या वतीने टोकन घ्यायला सांगितले असेल, तर एजंटाच्या हातात दिलेले पैसे मालकाला दिल्यासारखेच असतात आणि परत करण्याची जबाबदारी मालकावर येते, मग ते पैसे त्याच्यापर्यंत पोहोचलेले असोत वा नसोत. मालकाने असे काही सांगितलेच नव्हते आणि एजंटाने परस्पर पैसे घेतले, तर तो स्वतः जबाबदार. बाहेरच्या माणसाला यातले खरे काय ते कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून लेखी मागणी नेहमी दोघांच्या नावे करावी. एकमेकांकडे बोट दाखवण्याचा खेळ त्यामुळे लवकर संपतो. अनेकांना वाटते की एजंटाविरुद्ध रेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, जाता येईल. २०१६ च्या त्या कायद्यातली एजंटांची नोंदणी ही प्रकल्पांतल्या घरांच्या आणि भूखंडांच्या खरेदी-विक्रीसाठी आहे, भाड्याच्या घरासाठी नाही.

आपल्याकडे बरेचदा एजंट हा व्यावसायिक नसतोच. मावसभावाचा मित्र किंवा गल्लीतला ओळखीचा माणूस असतो, आणि त्याच्याकडे पावती मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे असे वाटते. माझे मत असे की पावती ओळखीच्या माणसाकडूनच आधी घ्यावी, कारण अनोळखी माणसाशी भांडता येते, ओळखीच्याशी भांडायला आपण वर्षभर कचरतो.

पैसे देताना दोन ओळी

पावती मिळत नसेल तर निदान एक संदेश पाठवावा, आणि तो पैसे देण्यापूर्वी पाठवावा. मजकूर असा असला तरी पुरे: ‘नमस्कार. हिंदवाडीतील आपल्या पहिल्या मजल्यावरील घरासाठी मी आज १०,००० रुपये टोकन म्हणून देत आहे. महिना भाडे ९,००० आणि ॲडव्हान्स ५०,००० असे बोलणे झाले आहे. आपण ८ दिवसांत होकार किंवा नकार कळवाल, आणि नकार असल्यास ही रक्कम पूर्ण परत कराल, असे ठरले आहे. बरोबर असल्यास कळवावे.’ समोरून ‘हो’ एवढे उत्तर आले की तुमचे निम्मे काम झाले. त्यानंतर यूपीआयने पैसे पाठवताना शेऱ्याच्या जागी ‘घराचे टोकन’ असे लिहावे. रोख दिल्यास सही असलेली पावती घ्यावी. ५,००० रुपयांवरच्या पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लागते. रकमेला टोकन म्हटले, ॲडव्हान्स म्हटले की डिपॉझिट, याने फार फरक पडत नाही. ती कोणत्या अटीवर दिली हे लिहिलेले असावे.

पावती मराठीत असली म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. कर्नाटकातल्या न्यायालयात ती दाखल करताना भाषांतर जोडावे लागेल इतकेच. उलट, तुमच्यासमोर कन्नड किंवा इंग्रजी मजकुराचा ई-स्टॅम्प कागद सहीसाठी ठेवला आणि तो तुम्हाला वाचता येत नसेल, तर आपल्या विश्वासातल्या माणसाकडून तो वाचून घेतल्याशिवाय सही करू नये, कारण सही केल्यावर ‘मला समजले नव्हते’ हे म्हणणे सहसा ऐकून घेतले जात नाही. विशेषतः ‘अर्ज नाकारल्यास टोकन जप्त’ अशा आशयाची ओळ असेल तर ती तिथेच खोडून दोघांनी बाजूला सही करावी.

संदेशांचे स्क्रीनशॉट काढून मूळ संभाषण पुसून टाकणारे लोक पुष्कळ आहेत. तसे करू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आहे, आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र द्यावे लागते. मूळ संभाषण आणि तो फोन जपून ठेवला असेल तर हे सोपे जाते.

मागणी कशी करावी

नकार कळल्यावर पहिली मागणी साध्या शब्दांत, पण लेखी करावी आणि तारीख द्यावी. आठवडाभरात काही झाले नाही तर नोटीस पाठवावी. नोटिशीला वकील लागतोच असे नाही. कोणत्या तारखेला किती रक्कम, कोणत्या घरासाठी, कोणाच्या हाती दिली, नकार कधी आणि कसा कळला, आणि १५ दिवसांत रक्कम कोणत्या खात्यावर जमा करावी, एवढे त्यात असले की पुरते; रागाचे विशेषण एकही नको. रक्कम वेळेत न दिल्यास या तारखेपासून व्याज मागू, असेही लिहावे, कारण लेखी करारात व्याजाची तरतूद नसते तेव्हा व्याज कायदा, १९७८ प्रमाणे अशी लेखी मागणी केल्यापासूनचे व्याज मागता येते. मालक कन्नड भाषक असेल तर नोटीस कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत पाठवलेली बरी. ‘काय लिहिले आहे ते कळले नाही’ ही सबब उरत नाही. ती स्पीड पोस्टने, पोहोचल्याची नोंद मिळेल अशा रीतीने पाठवावी आणि प्रत ठेवावी.

पाच-दहा हजारांसाठी थेट दिवाणी दावा लावणे बहुतेकांना परवडत नाही, आणि मीही तो सल्ला देणार नाही. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते, त्यासाठी न्यायालयीन शुल्क नसते, आणि तिथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याची किंमत असते व तिच्यावर अपील नसते. मर्यादा एवढीच की दोन्ही बाजूंची संमती लागते. तरीही प्राधिकरणाची नोटीस आली की अनेक मालकांना टोकनाची आठवण होते. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि इतर काही गटांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो; चौकशीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे.

पैसे एजंटाने किंवा पीजी चालवणाऱ्याने अडवले असतील तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला होतो, कारण तिथे मोबदला घेऊन दिलेली सेवा असते. स्वतःचे एखादे घर भाड्याने देणाऱ्या साध्या मालकाविरुद्ध हा मार्ग अवघड आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सीमाभागासाठी फार उपयोगाची एक सोय आहे: तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे गडहिंग्लजची किंवा चंदगडची मुलगी बेळगावात शिकायला आली आणि पीजीने प्रवेश नाकारूनही तिचे डिपॉझिट ठेवून घेतले, तर ती कोल्हापूरच्या आयोगात दाद मागू शकते, आणि मराठी कागदपत्रांची अडचणही तिथे येत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी.

पोलिसांत जाण्याची धमकी मात्र उगाच देऊ नये. पैसे परत करायला उशीर लावणे हा सहसा दिवाणी वाद असतो; फसवणुकीचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८, लागण्यासाठी पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता हे दिसावे लागते. घरच अस्तित्वात नव्हते, किंवा एकच खोली दाखवून अनेकांकडून टोकन उकळले, तर तो गुन्हा होतो. लष्करी जवान असल्याचे सांगून, बदली झाल्यामुळे घर भाड्याने द्यायचे आहे अशी जाहिरात टाकणारे भामटे देशभर आहेत, आणि छावणी असलेल्या आपल्या शहरात अशा गोष्टीवर चटकन विश्वास बसतो. ‘टोकन परत करतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. असे पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली तरच ती हाती लागते.

महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा गाळा लिलावात मागितला आणि तो मिळाला नाही, तर अनामत परत मिळण्याची मुदत लिलावाच्या अटींतच लिहिलेली असते. ती उलटून गेल्यावर आधी लेखी अर्ज द्यावा आणि मग माहिती अधिकारात, १० रुपये शुल्क भरून, आपल्या अनामतीची फाइल कोणत्या टेबलावर आहे हे विचारावे. ३० दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

दिवाणी दाव्याची मुदत साधारणपणे नकारापासून तीन वर्षे असते. मालक अर्धी रक्कम देऊन प्रकरण मिटवू पाहत असेल तर ती घ्यायला हरकत नाही, पण ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या कागदावर सही करू नये, कारण करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारली की उरलेल्या रकमेवरचा हक्क संपतो. त्याऐवजी, इतके मिळाले आणि इतके बाकी आहे, असे मालकाच्या सहीनिशी लिहून घ्यावे. तीन वर्षे संपण्याआधी अशी लेखी कबुली मिळाली, तर बाकीच्या रकमेसाठी मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते.